जे दवाखान्यात येतच नाहीत, त्यांचं काय?

निळाई

नमस्कार मंडळी. एका लहान दवाखान्यात मी 17 वर्षं सिस्टर म्हणून काम करतेय. मागच्या महिन्यात एका गृहस्थांना त्यांच्या मुलाने अक्षरशः उचलून आणलं. तोंड वाकडं झालेलं, उजवा हात लुळा, बोलायला जात होते पण शब्द फुटत नव्हता. पक्षाघात. त्यांना लगेच मोठ्या रुग्णालयात पाठवलं. गाडी गेल्यावर मी त्यांचा जुना केसपेपर शोधला. शेवटची नोंद चार वर्षांपूर्वीची. पत्रा लागून बोट कापलं म्हणून धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला आले होते. खाली बीपी लिहिलेला, 168/102. आणि त्याखाली माझ्याच अक्षरात, 'पंधरा दिवसांनी परत तपासणे'.

ते परत आले नाहीत. आणि ते आले नाहीत हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षातही आलं नाही. येणार तरी कसं? आमच्याकडे आलेल्यांचं रजिस्टर आहे, न आलेल्यांचं नाही.

बीपी दुखत नाही, खुपत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार उच्च रक्तदाब असलेल्या प्रौढांपैकी जवळजवळ निम्म्यांना त्याचा पत्ताच नसतो. इथे मात्र आम्हाला आकडा माहीत होता आणि घरचा पत्ताही. ते मला फार लागलंय.

आजार होऊच नये म्हणून दवाखान्याने काय करावं असा विषय निघाला की सगळे भित्तीपत्रकं, व्याख्यानं आणि शिबिरं यांच्याबद्दल बोलतात. माझं म्हणणं वेगळं आहे. दवाखान्याने रांगेइतकंच यादीकडेही बघायला हवं. रांग म्हणजे आज ज्यांना त्रास होतोय ते. यादी म्हणजे आपल्या भागात राहणारे सगळे. वेल्समधल्या ग्लिनकॉरग या खाणकामगारांच्या गावात डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी हेच केलं. 1960च्या दशकात त्यांनी ठरवलं की आपल्याकडे नाव असलेल्या प्रत्येक प्रौढाचा बीपी मोजायचा. खोकल्यासाठी आला, पाय मुरगळला म्हणून आला, तरी मोजायचाच. आणि जे आलेच नाहीत त्यांना गाठून मोजायचा. ज्यांना चांगल्या उपचारांची गरज सगळ्यात जास्त, त्यांच्याच वाट्याला ते सगळ्यात कमी येतात, हे 1971 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिणारे डॉक्टर हेच.

मी सध्या एवढंच सुरू केलंय. बुटांच्या खोक्यात पुठ्ठ्याचे बारा कप्पे केलेत, महिन्याला एक. परत बोलवायच्या प्रत्येकाची चिठ्ठी त्या त्या महिन्याच्या कप्प्यात टाकायची, माणूस येऊन गेला की चिठ्ठी काढायची. महिना संपताना कप्प्यात जे उरतं ती न आलेल्यांची यादी. यात बीपी आणि साखरेचे पेशंट आहेत, डोस राहिलेली बाळं आहेत, गरोदर बायका आहेत. तुमच्याकडे असं काही चालतं का? अडचणी काय येतात? मोकळेपणाने लिहा.


जुना केसपेपर

निळाईताई, वाचून गलबलून आलं. स्वतःला दोष देऊ नका. चिठ्ठीवर 'परत तपासणे' लिहिणारे पुष्कळ, चार वर्षांनी ती उघडून बघणारे थोडे.

मी कंपाउंडर म्हणून आयुष्य काढलं, आता निवृत्त आहे. तुमच्या खोक्यावरून विल्यम पिकल्स आठवले. इंग्लंडमध्ये यॉर्कशरच्या वेन्स्लीडेल खोऱ्यातले साधे गावडॉक्टर. सकाळी घरोघर फिरायचे आणि कुणाला कुठला साथीचा आजार कधी सुरू झाला ते टिपून आणायचे. त्यावरून त्यांची पत्नी रोजच्या रोज मोठ्या तक्त्यावर रंगीत खुणा करायची. घरं विखुरलेली, माणसं एकमेकांना ओळखणारी, त्यामुळे कोण कुणाला कधी भेटलं हे नेमकं विचारता यायचं. 1929 साली खोऱ्यात काविळीची साथ आली, तेव्हा याच नोंदींमुळे त्यांना धागा सापडला. सकाळी जिला अंथरुणात तपासलं तीच मुलगी दुपारी गावच्या मेळाव्यात हजर होती, आणि तिथून पुढे साधारण महिन्याभराने नवे रुग्ण. लागण झाल्यापासून आजार दिसेपर्यंत एवढा काळ जातो, हे त्यांनी नुसत्या वहीच्या जोरावर दाखवलं.

दवाखान्याची वही ही फक्त हिशेबाची वही नाही. जुलाबाचे तीन पेशंट तीन दिवसांत आले आणि तिघांचा नळ एकाच पाइपावरचा, हे मोठ्या कार्यालयात बसलेल्याला महिन्याने कळेल. कंपाउंडरला त्याच संध्याकाळी कळतं, फक्त पत्त्याचा रकाना भरलेला पाहिजे. आमच्याकडे त्या रकान्यात बहुतेक वेळा नुसतं 'स्थानिक' लिहिलेलं असायचं.


पाऊलवाट

एक शंका. दवाखान्यातून कुणी घरी आलं किंवा फोन आला की शेजारीपाजारी लगेच चौकशी सुरू होते. माझ्या एका मैत्रिणीला क्षयरोगाची औषधं चालू होती. एक डोस घ्यायला ती गेली नाही म्हणून आरोग्य कर्मचारी दारात उभे राहिले आणि आजाराचं नाव घेऊनच बोलले. त्यानंतर जिन्यावर कुणी तिच्या शेजारून जाईना. हेतू चांगला होता हे मान्य. पण त्यानंतर ती त्या दवाखान्याची पायरी चढली नाही.


निळाई

पाऊलवाट, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. तुमच्या मैत्रिणीबाबत जे झालं ते व्हायलाच नको होतं. आणि वाईट असं की औषधं नियमित सुरू झाल्यावर क्षयरोगी दुसऱ्याला लागण करण्याची शक्यता झपाट्याने कमी होते. म्हणजे लोक घाबरतात नेमके त्या माणसाला, जो उपचार घेतोय.

तुमचं वाचून आज केसपेपरवर एक ओळ वाढवली. 'निरोप कसा द्यायचा?' फोन, चिठ्ठी की घरी, फोन कुणी उचललेला चालेल, कुठल्या वेळी. हे पेशंटलाच विचारून लिहायचं. फोनवर फक्त 'दवाखान्यातून बोलतेय, सवडीने येऊन जा' एवढंच. आणि 'निरोप नको' असं कुणी सांगितलं तर ते तसंच लिहायचं आणि पाळायचं.


रात्रपाळी

मी आई म्हणून लिहितेय. माझी मुलगी सात महिन्यांची असताना तिला डोस द्यायला नेलं होतं. बाकावर शेजारी एक मुलगा, डोळे लाल, नाक गळतंय, ताप. मानेवर पुरळ नुकतं उमटायला लागलेलं. तासभर आम्ही शेजारी होतो. दोन दिवसांनी कळलं की तो गोवर होता. पुढचे दोन आठवडे मी रोज रात्री टॉर्च घेऊन मुलीच्या कानामागची त्वचा बघायचे. सुदैवाने काही झालं नाही.

मग मी वाचत गेले. गोवराचा एक रुग्ण, आजूबाजूला कुणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर, 12 ते 18 जणांना लागण देतो. पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून तो संसर्ग पसरवतो. तो खोलीतून निघून गेला तरी विषाणू हवेत दोन तासांपर्यंत टिकू शकतो. म्हणून तर वस्तीतल्या 95 टक्के लोकांना दोन डोस मिळायला हवेत असं म्हणतात. इतकी माणसं सुरक्षित असली की माझ्या मुलीसारखं, अजून लस न मिळालेलं बाळही त्यांच्या आडोशाला राहतं.

माझी मागणी साधी आहे. दारातच एक जण उभा असावा आणि 'ताप आणि पुरळ आहे का?' एवढं विचारावं. असेल तर त्या मुलाला बाहेरच्या बाकावर किंवा वेगळ्या खोलीत न्यावं आणि आधी तपासावं. लसीकरणाचा वार आणि तापाची ओपीडी एकाच वेळी एकाच खोलीत ठेवू नये. आजार रोखायला नेलेल्या बाळाला तिथेच लागण झाली तर ती आई पुढच्या डोसला येईल का?


शीतपेटी

रात्रपाळी, अगदी बरोबर. मी लसीच्या साठ्याचं काम बघते, म्हणून त्या बाजूचं लिहिते. मूल वेळेवर आलं, टोचलं, कार्डावर शिक्का बसला, तरी ते सुरक्षित झालं असं नाही. कुपीतली लस जिवंत हवी, म्हणजे कामाची हवी.

बहुतेक लसींना 2 ते 8 अंश सेल्सिअस लागतं. उष्णतेने लस बिघडते हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण गोठल्यानेही बिघडते हे पुष्कळांच्या गावी नसतं. धनुर्वात, घटसर्प, कावीळ-ब यांच्या लसी एकदा गोठल्या की संपल्या. बर्फ वितळल्यावर त्या वरवर नेहमीसारख्याच दिसतात, पण पोटात काही उरत नाही. म्हणून कुपी बर्फाच्या कप्प्याला चिकटवून ठेवायची नाही. दारातल्या खणातही नाही, कारण दार उघडलं की सगळ्यात आधी तिथलं तापमान बदलतं. फ्रीजमध्ये डबे, पाण्याच्या बाटल्या, दूध काहीही नको. सकाळ-संध्याकाळ तापमान बघून तक्त्यावर लिहायचं, सुट्टीच्या दिवशीसुद्धा.

तुमच्या समोर कुपी आली तर लेबलवर एक छोटं वर्तुळ आणि त्यात चौकोन दिसेल. सगळ्याच कुप्यांवर नसतं, पण पुष्कळांवर असतं. चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका असेल तर लस वापरण्याजोगी. चौकोन वर्तुळाइतकाच किंवा जास्त गडद झाला तर ती बाजूला. पालकांनी 'जरा दाखवता का?' म्हणून विचारलं तर मला आनंदच होतो. विचारायला लाजू नका. एक लक्षात ठेवा, ही खूण उष्णतेचं सांगते, गोठण्याचं सांगत नाही. त्यासाठी तक्ताच बघावा लागतो.


ऊनसावली

वाचनखूण साठवली. शीतपेटी, चौकोनाचं माहीतच नव्हतं. उद्याच बघते.


गणिती

चर्चा छान चाललीये. निळाई यांच्या मूळ मुद्द्याला धरून थोडं परखड लिहितो.

यादी करा, जरूर करा, पण कशासाठी शोधायचं ते आधी ठरवा. आजकाल 'संपूर्ण शरीर तपासणी' शिबिरांचं पेव फुटलंय. जास्त तपासण्या म्हणजे जास्त बचाव, असं लोकांना वाटतं. ते खरं नाही. दक्षिण कोरियात 1999 नंतर थायरॉइडच्या कर्करोगासाठी सोनोग्राफी सर्रास व्हायला लागली. 2011 साली तिथे या कर्करोगाचं निदान होण्याचं प्रमाण 1993च्या पंधरापट झालं होतं. मृत्यूचं प्रमाण मात्र होतं तिथेच राहिलं. म्हणजे एरवी ज्या गाठींनी कधीच त्रास दिला नसता त्या शोधल्या गेल्या, हजारो लोकांच्या ग्रंथी काढल्या गेल्या आणि त्यातले बहुतेक जण आता जन्मभर गोळ्या घेताहेत.

जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंगनर यांनी 1968 सालीच दहा कसोट्या लिहून ठेवल्या आहेत. त्यातल्या दोन मला फार महत्त्वाच्या वाटतात. सापडलेल्या आजारावर मान्य उपचार असला पाहिजे. आणि निदान व उपचारांची सोय हाताशी असली पाहिजे. पुढची सोय नसताना नुसतं शोधणं म्हणजे माणसाला चिंता देऊन घरी पाठवणं.


सुगरणीचा खोपा

गणिती, तुमचं पटतं आणि नाहीही. माझ्या मोठ्या बहिणीला मधुमेह आहे हे अशाच एका शिबिरात कळलं. तहान, थकवा सगळं होतं, पण वयामुळे असेल म्हणून ती अंगावर काढत होती. ते शिबिर नसतं तर?


गणिती

सुगरणीचा खोपा, तुमच्या बहिणीला वेळेवर कळलं हे फार चांगलं झालं. मधुमेह आणि रक्तदाब या कसोट्यांत बसतात, मोजणं सोपं, उपचार आहेत. माझा आक्षेप शिबिर संपल्यावर जे होतं त्याला आहे. मंडप उतरतो आणि कागद लोकांच्या हातात राहतो. तुमच्या ताईंना पुढे कुणी धरलं? कुणी गोळ्या चालू केल्या, तीन महिन्यांनी कुणी विचारलं?


सुगरणीचा खोपा

जवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी. दर तीन महिन्यांनी बोलावतात. पावलं तपासतात, बोटांच्या बेचक्यात बघतात, दरवर्षी डोळ्यांच्या पडद्याची तपासणी करून घ्या म्हणून मागे लागतात. तुमचा मुद्दा कळला.


कडूनिंब

मी डॉक्टर आहे. सगळं वाचतोय आणि मनातून मान्यही करतोय. पण वस्तुस्थिती सांगतो. बाहेर साठ माणसं बसलेली असतात. प्रत्येकाला चार मिनिटं मिळाली तरी खूप. या चार मिनिटांत ऐकू काय, तपासू काय, लिहू काय आणि आजार होऊ नये म्हणून समजावू काय? संध्याकाळी घरी जाताना जे सांगायचं राहिलं ते आठवत राहतं.


धूर नको

डॉक्टर, तुमची ओढाताण कळते. पण तुमच्या एका मिनिटाची किंमत तुम्हाला कुणी सांगितली नसेल, म्हणून सांगतो. 1979 साली लंडनमधल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. 28 डॉक्टर, दोन हजारांहून अधिक धूम्रपान करणारे पेशंट. ज्यांना काहीच सांगितलं नाही त्यांच्यातले 0.3 टक्के वर्षभर सिगारेटपासून लांब राहिले. ज्यांना डॉक्टरांनी एक-दोन मिनिटं 'सोडा' म्हणून सांगितलं, एक पत्रक दिलं आणि 'मी पुन्हा विचारणार आहे' असं बजावलं, त्यांच्यातले 5.1 टक्के. शंभरात पाच ऐकायला किरकोळ वाटतात. पण रोज साठ माणसं बघणारा डॉक्टर वर्षभर हे करत राहिला तर किती घरं वाचतील?

मी त्या पाचातला आहे. 22 वर्षं ओढत होतो. आमच्या डॉक्टरांनी व्याख्यान दिलं नाही. स्टेथोस्कोप कानातून काढला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, 'हे सोडावंच लागेल. पुढच्या महिन्यात आलात की मी विचारणार.' आणि खरंच विचारलं. घरचे रोज सांगत होते, पण त्या विचारण्याचं वजन वेगळं होतं.


कडूनिंब

धूर नको, धन्यवाद. 'मी पुन्हा विचारणार आहे', हे एक वाक्य मला परवडेल.


निळाई

कडूनिंब डॉक्टर, आणखी एक सुचवू का? सगळं तुम्हीच करायचं हे गृहीत धरू नका. बीपी डॉक्टरांनीच मोजला पाहिजे असं कुठे आहे? उलट घाईत मोजलेला चुकतोच. माणूस चालत आलेला, बोलतोय, पायावर पाय टाकलेला, पट्टा शर्टाच्या बाहीवर, हात लोंबकळतोय. यातल्या प्रत्येक गोष्टीने आकडा वर जातो. पाच मिनिटं शांत बसवायचं, पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, उघड्या दंडावर पट्टा, हात हृदयाच्या पातळीवर टेकवलेला. एका मिनिटाने पुन्हा मोजायचा. ही पाच मिनिटं रांगेतच बसलेली आहेत की. तिथे एक खुर्ची, एक टेबल आणि शिकवलेली एक व्यक्ती बसवा. तुमच्यासमोर माणूस येईल तेव्हा आकडा कागदावर असेल.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली जामखेडला काम सुरू केलं, तेव्हा गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. पुष्कळजणी निरक्षर होत्या. त्याच घरोघर जाऊन बाळंतपण, बाळाचं वजन, स्वच्छ पाणी हे सगळं बघायला लागल्या. न आलेला माणूस कुठे राहतो आणि का आला नाही, हे अशाच बाईला माहीत असतं.


जुना केसपेपर

'का आला नाही' हे तर विचारायलाच हवं. आमच्याकडे एका आजी दर वेळी गोळ्यांची तारीख चुकवायच्या. आम्ही त्यांना बेफिकीर समजत होतो. शेवटी कळलं की दवाखान्याच्या पाच पायऱ्यांना कठडा नव्हता आणि त्यांना पडायची भीती वाटायची. कठडा बसवला. पुढे एकही तारीख चुकली नाही.


ढगाळ

डेंग्यूचं कुणी लिहिलं नाही म्हणून घाईत चार ओळी. आमच्याकडे साथ आली की फवारणीच्या गाड्या फिरतात, धूर होतो, लोकांना बरं वाटतं. पण डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाच्या अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात, आणि अंडी कोरड्या भांड्याच्या कडेला महिनोन् महिने तग धरतात. म्हणून आठवड्यातून एकदा पाणी ओतून भांडं घासायचं, नुसतं ओतून भागत नाही. आमच्या दवाखान्याने पेशंटच्या पत्त्यांवरून गल्लीवार नकाशा करून भिंतीवर लावला. आपल्या गल्लीवर तीन लाल ठिपके बघितल्यावर कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. नावं मात्र कुणाचीच लिहिली नव्हती, पाऊलवाट यांच्या मुद्द्यासाठी मुद्दाम सांगतो.


पाऊलवाट

नावं नव्हती हे वाचून बरं वाटलं. निळाई, त्या खोक्याचं पुढे काय झालं?


निळाई

काल महिना संपला. पहिल्या कप्प्यात अकरा चिठ्ठ्या उरल्या होत्या. दोघांचे फोन नंबर बदललेले. चौघं येतो म्हणाले, त्यातली एक आजच येऊन गेली, बाळाचा राहिलेला डोस झाला. एकीने 'नका करू फोन' म्हणून सांगितलं, ते लिहून ठेवलं. तिघांना बरं वाटतंय म्हणून गोळ्या बंद केल्या होत्या. बरं वाटतंय ते गोळ्यांमुळेच, हे त्यांना समजावून सांगायला एकेकाला दहा मिनिटं लागली. दोघांनी ऐकलं. तिसऱ्यांना पुन्हा विचारणार आहे.

अकरावी चिठ्ठी त्या पक्षाघात झालेल्या गृहस्थांच्या मुलाची. वय 34. त्या दिवशी वडिलांना उचलून आणल्यावर तो धापा टाकत बाकावर बसला होता, तेव्हा मी त्याचाही बीपी मोजला होता. 150/96 आला. धावपळीमुळेही असेल, म्हणून दोन आठवड्यांनी बोलावलं होतं. वडिलांच्या मागे धावण्यात राहून गेलं असणार. फोन उचलत नाहीये. बोलावलं तेव्हाच 'घरी आलात तरी चालेल' असं तो म्हणाला होता. उद्या दुपारी मशीन घेऊन जातेय. वडिलांनाही भेटून येईन.